आमच्या सोसायटीतला देशी आपटा

३ जुलै
संताप. लायब्ररीतून साहेबाच्या काळातल्या वनस्पतींच्या अभ्यासावरचं पुस्तक आणलं. आपली झाडं कागदात दाबून वाळवली, बोटीत भरून नेली आणि नावं ठेवली तिकडच्या लोकांची! आपट्याच्या शास्त्रीय नावात युरोपातले दोन भाऊ बसलेत. आपट्याच्या! सोनं आमचं, भाऊ त्यांचे.
निश्चय: बिबवेवाडीतली पहिली शंभर टक्के देशी सोसायटी. सुरुवात घरापासून.

५ जुलै
झेंडू मूळचा मेक्सिकोचा. आमच्या गॅलरीतली बायकोची, हेमाची, सगळी रोपं उपटून कचऱ्यात टाकली. म्हणाली, दसऱ्याच्या तोरणासाठी लावली होती. म्हटलं, तत्त्व म्हणजे तत्त्व. तेव्हापासून बोलत नाही. पटलं असणार.

९ जुलै
नर्सरीतून आपटा आणून गेटजवळ लावला. पाटी स्वतः रंगवली: ‘हा आपटा आहे. साहेबाने नाव दिले म्हणून त्याचा झाला नाही. पाने ओरबाडू नयेत.’
शेजारच्या नसीमबानू कॉलेजात बॉटनी शिकवून रिटायर झाल्यात. म्हणाल्या, भीमराव, आपट्याचं पान एवढं मोठं नसतं हो. म्हटलं, तुम्ही साहेबाच्या पुस्तकांतून शिकलात, तिथेच घोळ आहे. डोकं फिरलं.

२१ जुलै, एकादशी
खिचडी नाही! हेमा म्हणाली, साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, मिरची, सगळे परदेशी; मी चौकशी केली. ताटात नुसती भगर. हा सरळसरळ सूड आहे. संध्याकाळी कामानिमित्त बाहेर गेलो. हॉटेलात खिचडी घेतली, अभ्यास म्हणून. दोन प्लेट.

१८ ऑगस्ट
आपटा जोमात. पानं तळहाताएवढी. खत कुणी घातलं? मी. दसऱ्याला अख्ख्या बिल्डिंगला घरचं सोनं वाटणार. सेक्रेटरी अवधूत म्हणाला, काका, बाजारातून आणू की. त्याला झापलं. बाजारात आपटा म्हणून कांचन गळ्यात मारतात आणि ही सुशिक्षित माणसं मुकाट घेतात! नसीमबानू पाटी वाचून हसत होत्या. हसू देत.

२ ऑक्टोबर, दसरा
पहिलं सोनं मुद्दाम नसीमबानूंना दिलं. त्यांनी पान दोन्ही हातांत घेतलं, शुभेच्छा दिल्या. मग हळूच म्हणाल्या, कांचन आहे हो. पण देशी आहे, वाईट वाटून घेऊ नका.
मागे त्यांच्या गॅलरीत झेंडू रसरसलेला. रोपं कुठली, विचारलं. म्हणाल्या, तुम्ही टाकलेलीच. हेमाताई त्याच दिवशी घेऊन आल्या होत्या.
घरी आलो. हेमा तोरण ओवून उभी. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, एवढंच म्हणालो.
ती म्हणाली, स्टूल धरता का?
धरलं.