गाळलेल्या पाच संध्याकाळी

ता. ४ फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. आ. तू कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतेस, म्हणून हे तुलाच विचारते. सोबत तुझ्या काकांची शिवणाच्या मापांची वही आहे. शेवटच्या दुखण्यात रोज संध्याकाळी गोळीआधी आणि गोळीनंतर तासाभराने मी त्यांना विचारायची, दुखणं दहापैकी किती. गिऱ्हाइकाची छाती-कंबर सांगावी तसा ते आकडा सांगायचे. अशा अठरा संध्याकाळी लिहिल्या आहेत.

एकोणिसाव्या दिवशी मी गोळी बंद केली. गोळीने ते सारखे झोपून असायचे, आणि मला त्यांच्याशी बोलायचं होतं. पुढचे नऊ दिवस ते जागे होते, कण्हत होते. मग गेले. तुझा दादा म्हणाला, आई, तू बाबांना तडफडत ठेवलंस. पाच महिने झाले, माझा मुलगा घराची पायरी चढलेला नाही. गोळीचा खरंच गुण येत होता का, तेवढं सांग.

तुझी मावशी

ता. १५ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि. वही मिळाली. पानांवर काकांच्या खडूची बोटं अजून आहेत.

अशा जोड्यांसाठी चिन्ह चाचणी असते. आकडा किती उतरला ते बघायचं नाही. उतरला की वजा, चढला की अधिक, एवढंच लिहायचं. मग विचारायचं, गोळी निकामी असती तरी निव्वळ योगायोगाने इतके वजा आले असते का? तुझ्या अठरांत अकरा वजा आहेत, सात नाहीत. अठरा वेळा नाणं उडवलं तर अकरा किंवा जास्त छापे दर चार खेपांत एकदा पडतातच. म्हणजे गोळीचा गुण सिद्ध होत नाही. तू काकांचं काही हिरावलं नाहीस, मावशी. आता वेळेवर जेव. आई म्हणते, हातात पुस्तक असलं की ताईला भूक आणि करपलेली भाजी, दोन्ही कळत नाहीत.

माया आहेच, ती राहू दे.
तुझी खारू

रविवार, ता. ९ मार्च

चि. खारूस,
अ. आ. तुझं पत्र मी दादाला पाठवलं. रविवारी तो आला. पोटभर जेवला, गळका नळ दुरुस्त केला, आणि जाताना रडला. म्हणाला, आई, मी नको ते बोललो. पुढच्या रविवारीही आला.

मला वाटलं, जिने मुलगा परत दिला ती चाचणी समजून तरी घ्यावी. वाचनालयातून पुस्तक आणलं. दोनदा वाचूनही डोक्यावरून गेलं, तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले. ज्या जोडीत दोन्ही आकडे सारखे, ती गाळायची असते. अशा पाच संध्याकाळी तू गुण न आलेल्यांत धरल्यास. त्या गाळल्या की तेरा उरतात, त्यांत अकरा वजा. नुसत्या नाण्याने असं शंभरात जेमतेम एकदा होतं. गोळीचा गुण येत होता, खारू.

तू त्या चुकून धरल्यास असं मला वाटत नाही. लहानपणी माझ्या विणकामातला सुटलेला टाका तू खोलीच्या त्या टोकावरून दाखवायचीस. रागावले नाही. तुझ्या जागी मीही हेच केलं असतं. पण दादाने माफी मागितली ती खोट्या गणितावर. ती मला ठेवून घेता येईना.

मंगळवारी त्याला खरं गणित लिहून पाठवलं. खाली लिहिलं की गोळी बंद केली ती माझ्यासाठी, त्यांच्यासाठी नाही.

आता दुपारचे तीन वाजलेत. दोन ताटं घेतली होती. एक उचलून ठेवते.

तू तरी पत्र टाकत राहा.
तुझी मावशी