पट्टीखालची तारीख

३ मार्च

चि. बुटक्यास अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. सहा फूट उंच झालास, पण अक्षर अजून पहिलीतल्या पोराचंच आहे. असो, लावलं एकदाचं. फोन करत जा म्हणतोस, पण तू पडलास लिफ्टदुरुस्तीवाला, तुझ्यामागे सतत कुठली तरी बिघडलेली लिफ्ट घंटा वाजवत असते आणि मला धड ऐकू येत नाही. त्यापेक्षा पत्र बरं.

इथे माझ्या पुस्तकबांधणीत सध्या प्रबंध बांधायचे दिवस आहेत. गठ्ठ्यांमुळे खोलीत पाय ठेवायला जागा नाही. तुझ्याकडे एक काम आहे. आई गेली तेव्हा डॉक्टरांनी मला झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या संपत आल्यात. कोपऱ्यावरचा औषधवाला हल्ली फार चौकशा करतो. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी पाठवते आहे. घड्यांवर फाटायला लागली होती, म्हणून तिला पुठ्ठा लावला. वरचा कोपरा मळला होता, तिथे कापडी पट्टी चिकटवली. तुझ्याकडच्या दुकानातून दोन पाकिटं घेऊन पाठव. बायकोला सांगत बसू नकोस, ती लगेच काळजीत पडते.

वेळेवर जेवत जा. तुझ्या पत्राची वाट बघणारी,
ताई

११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पाकिटं आजच पार्सलने पाठवली. चिठ्ठी बघून दुकानदार थक्कच झाला. बांधणी केलेली चिठ्ठी घेऊन आलेलं गिऱ्हाईक जन्मात पाहिलं नाही म्हणाला. मी म्हटलं, आमच्या ताईचं चाललं तर ती हातरुमालालाही पुठ्ठा लावेल. त्या हसण्याखिदळण्यात त्याने काही विचारलंच नाही. चिठ्ठी माझ्याकडे ठेवतो, पुढच्या खेपेला लागेल.

एक विचारू? तुझं तीन तारखेचं पत्र आलं, आणि काल पुन्हा तेच पत्र आलं. तीच माझ्या अक्षराची थट्टा, तीच लिफ्टची घंटा, फक्त सोबत चिठ्ठी नव्हती. माझी फिरकी घेतेस की काय? मला काही उलगडा होईना.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझा बुटक्या

२६ मार्च

चि. बुटक्यास अ. उ. आ.

पाकिटं अजून आली नाहीत. विसरलास ना? शेजारीण म्हणते, पार्सल आलं तेव्हा सही तिच्यासमोर मीच केली. केली असेल. मग गोळ्या गेल्या कुठे? सगळी कपाटं उपसून झाली.

एक प्राध्यापिका प्रबंध परत घेऊन आल्या. चौथं प्रकरण दुसऱ्याच्या आधी शिवलंय म्हणाल्या. बत्तीस वर्षांत माझ्या हातून एक पान इकडचं तिकडे झालेलं नाही. तुम्हीच कागद तसे दिलेत, असं त्यांना तोंडावर सुनावलं. त्या गेल्यावर बघितलं, तर दोरा माझा, टाके माझे, आणि शिवल्याचं मला काहीच आठवेना. कपाळावर टेंगूळ आलंय, तेही कशाने ते सांगता येत नाही. वयच झालं म्हणायचं. गोळी घेतली की तेवढे हात थरथरायचे थांबतात. या वेळी चार पाकिटं पाठव, आणि लवकर पाठव.

सगळं ठीक आहे, काळजी नको.
ताई

४ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

रागावू नकोस. तुझी चिठ्ठी टेबलावर होती, हिच्या हातून तिच्यावर पाणी सांडलं आणि पट्टी सुटून आली. खाली तारीख आहे, तीन वर्षांपूर्वीची. शेजारी लिहिलंय, फक्त पंधरा दिवसांसाठी.

मी चिठ्ठी घेऊन इथल्या डॉक्टरांकडे गेलो. तुझं पत्रही दाखवलं. ते सरळ म्हणाले, याला व्यसन म्हणतात. मी भडकलो. व्यसनी म्हणजे आपले धाकटे काका, ज्यांना लोक उचलून घरी आणायचे. तू तर दुसरा कप चहासुद्धा घेत नाहीस. डॉक्टरनेच लिहून दिलेल्या गोळीचं व्यसन कसं लागेल? लागतं, म्हणाले. ते पुढे आणखी काही सांगत होते, पण मला ऐकवेना, मी उठून आलो. शेवटची दोन पाकिटं तर मीच पाठवली होती, ताई.

रविवारी येतो. घरातली एकूण एक गोळी फेकून देतो. एक घाव दोन तुकडे, मग बघू.

रागाने का होईना, दार उघड.
बुटक्या

१४ एप्रिल

स. न. वि. वि.

मी तुमच्या ताईंच्या खालच्या मजल्यावर राहते, कपडे शिवते. रविवारी तुम्ही गोळ्या मोरीत ओतून गेलात. ताई दोन दिवस घामाने भिजत होत्या, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना फिट आली. मी दवाखान्यात आणलं. आता शुद्धीवर आहेत. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, या गोळ्या एकदम तोडायच्या नसतात, जीवावर बेततं. त्यांच्या देखरेखीखाली थोड्याथोड्या कमी करायच्या, महिने लागतील. ताईंनी इथे राहायचं कबूल केलं आहे.

तुमची मी चांगली खरडपट्टी काढणार होते. पण दोन वर्षं त्यांची रिकामी पाकिटं माझ्याच केरातून गेली, आणि मी एकदाही विचारलं नाही. तेव्हा कुणी कुणाला बोलायचं? तुमचं नाव काढलं की त्या भिंतीकडे तोंड फिरवतात. तरी पत्र लिहा.

कळावे.
शेजारीण

२ जून

चि. बुटक्यास अ. उ. आ.

तुझी चारही पत्रं मिळाली. चारही पत्रांत माफीच आहे. पुरे आता. फार चिडले होते तुझ्यावर. आता तो राग शोधायला जाते, तर सापडत नाही.

पट्टीखाली तारीख आहे हे तुम्हाला ठाऊक होतं का, असं डॉक्टरीणबाई विचारतात. मी कधी हो म्हणते, कधी नाही, आणि दोन्ही वेळा मला ते खरंच वाटतं. पट्टी मापाने कापली, खळ लावली आणि दाबून बसवली ती याच हातांनी, एवढं नक्की. गोळी आता पाव झाली आहे. सुईत दोरा ओवायला दहा मिनिटं लागतात, पण ओवते.

एक गोष्ट मात्र इथे कुणाला सांगता येत नाही, ती तुलाच सांगते. परवा सकाळी जाग आली आणि आई गेल्याचं मला कळलं. माहीत होतं रे, पण कळलं परवा. तिला नेलं तेव्हा मी कुठे उभी होते, कुणाचा हात धरला होता, काही आठवत नाही. तुम्ही सगळे रडून घेतलंत आणि कामाला लागलात. मी झोपले होते. परवापासून रडते आहे, आणि इथे कुणी तिला ओळखत नाही.

सुट्टी काढून ये. आजाऱ्याला बघायला येतात तसा येऊ नकोस. बुटक्या, आई गेली आहे. तसा ये.

ताई