वरणाचं पाणी

प्रिय सरिता,

फोन उचलत न्हाईस, म्हणून हे पत्र. सेनगावात बसून किती दिवस रुसशील? माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, मी पिच्छा सोडणारी न्हाई. पत्र फाडू नको. शेवटपर्यंत वाच, मग काय करायचं ते कर.

कुरुंद्यात आमचं बरं चाललंय. हळद शिजवून झाली, अंगणभर वाळत पडलीय. तुझे दाजी दिवसभर कोंबड्या हाकलून राहिले. आकांक्षा बाजेवर बसून कोंबडी कुठं शिरली ते त्यांना हातानं दाखवते. डोक्यातली गाठ काढून तिला सव्वा वर्ष झालं. भिंतीला धरून चालते, बोलणं मात्र अजून फुटलं न्हाई. नांदेडच्या दवाखान्यात लेकरांना बोलायला अन् गिळायला शिकवणाऱ्या बाई आहेत ना, त्यांनी तिला चित्रांची वही करून दिली. पाणी, भूक, झोप, दुखतंय, ज्यावर बोट ठेवील ते आमी समजायचं. परवा पोरीनं आधी वहीतल्या बकरीवर बोट ठेवलं अन् मग बापाकडं दाखवलं. आठ दिवस दाढी केली नव्हती त्यांनी. मी हसून हसून लोळले.

खाणं अजून घट्टच, पातळ काही गिळलं की छातीत उतरायची भीती. पाण्यातसुद्धा पावडर कालवून दह्यासारखं करायचं, तिला ताठ बसवायचं, हनुवटी खाली घ्यायला लावायची, एक चमचा उतरला की मगच दुसरा. अर्ध्या वाटी खिचडीला तास जातो. चहा उकळेपर्यंतसुद्धा मला धीर निघत न्हाई, अन् देवानं मला हे काम दिलं.

मागच्या साली हळद काढणीला तू अंगणवाडीतून रजा टाकून आली होतीस. आमी शेतात, घरी तुमी दोघी. आपल्याकडं आजारी माणसाला हलकं म्हणजे पातळच देतात. आईनं आपल्याला दर तापात वरणाचं पाणीच पाजलं. तू तेच केलंस, वरून तूप-जिऱ्याची फोडणी घालून. पोरीला साधा ठसकासुद्धा लागला न्हाई, म्हणून कुणाला कळलं न्हाई की पाणी छातीत उतरलं. दुसऱ्या दिवशी ताप, मग नांदेड, न्यूमोनिया, अकरा दिवस. दवाखान्याच्या पायरीवर सगळ्यांदेखत मी तुला म्हणाले की माझ्या लेकराला पुन्हा हात लावू नको. तू पिशवी उचललीस अन् गेलीस.

सरिता, तू पाजलंस त्याच्या आदल्या सकाळी मीच तिला वरणाचं पाणी पाजलं होतं. बाईंनी मला सगळं समजावलं होतं, कागद लिहून दिला होता. पण लेकरू घट्ट खाऊन कंटाळलं होतं, तोंड फिरवत होतं. मला राहवलं न्हाई. तू दारात उभी राहून बघत होतीस. माझं बघूनच तू दिलंस. तो कागद मी तुला कधी दाखवलाच न्हाई, अन् पायरीवर तू माझं नाव घेतलं न्हाईस. वर्षभर ते मला टोचून राहिलं. काल तुझ्या दाजींना सगळं सांगितलं. ते जेवले न्हाईत, पण पत्र लिही म्हणाले.

सोमवारी बाईंनी तपासून सांगितलं, आता रोज दोन चमचे साधं पाणी देऊन बघा. घरी आल्यावर मी चमचा भरला, तर आकांक्षानं तोंड मिटून घेतलं. वहीतल्या पाण्यावर बोट ठेवलं, अन् मग भिंतीवरच्या आपल्या दोघींच्या फोटोकडं दाखवलं. मी फोटोतल्या माझ्यावर बोट ठेवून विचारलं, तर न्हाई म्हणून मान हलवली. तुझ्यावर ठेवलं, तेव्हा हसली. रविवारपर्यंत थांबलं तर चालतं, असं मी बाईंना विचारून घेतलंय. रविवारी सकाळच्या एसटीनं ये. पहिला चमचा तू दे, मी शेजारी बसते.

तुझीच तोंडाळ ताई,
मंजुषा