दादाला गेलेल्या तीन ताकिदी

ती. वहिनींना नमस्कार.

तुमची पाठ आता कशी आहे? चिमणीचा खोकला थांबला का? मी ठीक आहे, जेवतो, झोपतो (फोनवर तुम्ही हे विचारताच, म्हणून आधीच लिहून टाकलं).

पत्राचं कारण ते मेल. दादाचा फोन तुमच्या शिवणयंत्राशेजारी असतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. परवा तुम्ही म्हणालात, "भावजी, तुमच्या मंडळींकडून ह्यांना धमक्या येतायत. बेपत्ता जाहीर करू म्हणतात. आता आणखी काय जाहीर करायचं राहिलंय?" मी "बघतो" म्हणून फोन ठेवला. खरं तर बघण्यासारखं काही नव्हतं. त्या धमक्या माझ्याच आहेत.

म्हणजे माझ्या प्रोग्रॅमच्या. आमचं काम दादाने तुम्हाला एकदा समजावलं होतं, तेव्हा तुम्ही "म्हणजे फुकटात?" एवढंच विचारलं होतंत. तर, कुठल्या कुठल्या लोकांनी घरी बसून लिहिलेले हजारो प्रोग्रॅम गोळा करायचे, एकत्र चालवून पाहायचे, कोण कोणाच्या पायात येतंय ते शोधायचं, आणि ठरल्या दिवशी ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती सगळ्यांसाठी खुली करायची. प्रत्येक प्रोग्रॅमला एक पालक असतो. प्रोग्रॅम बिघडला की पालकाला ताकीद जाते. तीन ताकिदींना उत्तर आलं नाही तर पालक बेपत्ता जाहीर होतो, प्रोग्रॅम पोरका ठरतो आणि वगळला जातो. अशा ताकिदी लिहायला मला संकोच वाटायचा, म्हणून ते काम मी यंत्रावर सोपवलं. पहिली नम्र, दुसरी कोरडी, तिसरी जरबेची (त्या जरबेचं दादानेच कौतुक केलं होतं).

दादाचा प्रोग्रॅम म्हणजे तुमचाच, मापं घातली की शर्टाचे, फ्रॉकचे साचे छापून देणारा. यंदा आम्ही छपाईचा भाग बदलला, तेव्हापासून तो डावी बाही छापतच नाही. (तुम्ही उजवीच उलटी ठेवून कापता, हे चिमणीकडून कळलं. आमच्यात कोणाला हे सुचलं नव्हतं.)

तिसऱ्या मेलला तुम्ही उत्तर दिलंत, "ते गेले. आता तुम्ही म्हणाल तसं." तुमचं काहीच चुकलं नाही. पण माझा प्रोग्रॅम उत्तर वाचत नाही, आलं की नाही एवढंच पाहतो. त्याने दादापुढे 'हजर' लावलं. आमचे हेडमास्तर (आवृत्ती कधी बाहेर पडणार हे ते ठरवतात, त्यांच्या तोंडावरही सगळे हेच म्हणतात) खूश झाले. त्यांनी सगळ्यांना कळवलं की पालक परत आलाय, बाही तोच बसवेल, बाकीच्यांनी हात लावू नये. आता कोणी हात लावत नाही. मलाही लावता येत नाही. शुक्रवारनंतर काही बदलायला बंदी, आणि तोवर बाही आली नाही तर प्रोग्रॅम बाहेर. दादाच्या नावाचं आमच्याकडे तेवढंच आहे. पण तुम्ही काळजी करू नका. मी बघतो आहे.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. बाही मी माझ्याकडे दुरुस्त करून ठेवली आहे. ती आत घ्यायची तर पालक म्हणून माझं नाव लागायला हवं, आणि आधीचा पालक का जातोय ते लिहायला हवं. मी 'अपरिहार्य कारणामुळे' असं लिहिलं. हेडमास्तरांनी परत पाठवलं. कारण स्पष्ट लिहा म्हणतात, कंटाळा आला असेल तर तसं लिहा, इथे कोणी रागावत नाही.

ता. क. २. मी इथे अजून कोणालाच सांगितलेलं नाही. रोज लिहायला बसतो आणि दुसऱ्याच कोणाच्या तरी प्रोग्रॅममधली चूक दुरुस्त करून उठतो (त्यामुळे यंदाची आवृत्ती फार चांगली निघणार आहे). वहिनी, तुमच्या उत्तरातलं पहिलं वाक्य मी जसंच्या तसं सगळ्यांना पाठवू का? मला ते लिहिता येत नाही.

ता. क. ३. हो असेल तर फोन करा. त्या मेलला मात्र पुन्हा उत्तर देऊ नका. प्रोग्रॅम दादाची आणखी एक हजेरी लावेल, आणि पहिलीच अजून माझ्याने खोडवलेली नाही.