पाहुण्याची चूक

मळमड्डी, धारवाड
१२ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. कमलमावशीस,
दीपालीचा सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुझ्या कानातलं यंत्र शिट्टी वाजवत राहिलं आणि आपण दोघी नुसत्या ‘काय?’ म्हणत राहिलो. म्हणून पुन्हा पत्र. खरं तर मला हेच बरं वाटतं. लिहिताना माणूस स्वतःलाही थोडं ऐकू येतं.

आमची शीतल नोकरी सोडायचं म्हणते. कॉलेजातली तिची संगणक शिकवायची नोकरी गेल्या वर्षी पक्की झाली, तेव्हा मिरजेच्या आळीभर पेढे वाटलेस तूच. आता हुबळीत गोकुळ रोडवर प्रवीण सर म्हणून एक गृहस्थ संस्था काढताहेत. तिची प्रमुख हो म्हणून ते शीतलच्या मागं लागलेत.

संस्था कशाची, तर कवडी नावाचं एक नाणं आहे, त्याची. हातात घ्यायचं नव्हे. ते संगणकातच जन्मतं आणि तिथंच फिरतं. देशोदेशीची माणसं त्याची देवघेव करतात. ज्यानं ते घडवलं त्यानं आपलं नाव कुणालाच सांगितलं नाही. तो स्वतःला ‘पाहुणा’ म्हणवायचा. काही वर्षं सगळ्यांशी लिहून बोलला, नाणं नीट चालायला लागलं आणि एक दिवस उठून गेला. आता प्रवीण सर म्हणतात, तो पाहुणा मीच.

गेल्या रविवारी ते आमच्याकडं जेवायला आले होते. भरल्या वांग्यांची एण्णेगाई दोनदा मागून घेतली. माणूस वाईट वाटला नाही. बोलतो असा, की समोरच्याच्या ताटातलं निवून जातं. शीतलचा बाबा राहुल आपल्या कापडदुकानात दिवसभर गिऱ्हाइकांना बोलून जिंकतो, पण त्या दिवशी तोही गप्प बसून ऐकत होता.

डिसेंबरात हुबळीत मोठा कार्यक्रम आहे. तिथं शीतलनं उभं राहून सांगायचं, की मी पुरावा तपासला आणि पाहुणा हाच. राजीनामा लिहून तिनं पर्समध्ये ठेवलाय. खरं असेल तर पोरीचं भलं होईल. खोटं असेल तर तिच्या शब्दाला किंमत उरणार नाही, आणि शिकवणाऱ्या माणसाकडं दुसरं असतं तरी काय? मी तिला काही बोलत नाही. बोलले की ती हट्टाला पेटते, तुझ्यासारखी.

तुझी माया आहे तशीच असावी.
तुझी दीपाली

मिरज
१९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. दीपालीस अ. उ. आ.

हट्ट माझा म्हणतेस, पण तो शीतलपर्यंत तुझ्याच मार्फत आला हे विसरू नकोस.

पत्र दोनदा वाचलं. नाण्याचं फारसं कळलं नाही, माणसाचं मात्र कुतूहल वाटलं. एवढी वर्षं ज्याला आपलं नाव नको होतं, त्याला आता ते एवढं का हवंय? आणि स्वतःचं नाव सांगायला त्याला दुसरीचं नाव कशाला लागतं? म्हातारीच्या शंका म्हणून सोडून दे.

शीतललाच लिहायला सांग. नीट, माझ्यासारखीला कळेल असं. तू मध्ये पडू नकोस. राहुललाही पडू देऊ नकोस. तो आधी हुरळतो आणि मग सगळ्यांच्या आधी शहाणा होतो.

गुडघा बरा आहे. ख्याली-खुशाली कळवत जा, तेवढ्यावर माझा आठवडा निघतो.
कमलमावशी

धारवाड
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय मावशीआजीस,
शीतलचा सा. न. वि. वि.

आई म्हणाली, तुला कळेल असं लिही. कळणार तुला सगळंच; न कळल्याचं सोंग घेऊन तू माणसाला बोलतं करतेस, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

पाहुण्याजवळ आकड्यांची एक गुप्त किल्ली होती. तिनं एखाद्या वाक्यावर सही केली, की ती खरी की खोटी हे कुणालाही आपल्या घरी बसून तपासता येतं. सरांनी अशी सही करून मला दाखवली. पण त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच संगणकावर. ती सही मी घरी नेऊन तपासते म्हटलं, तर म्हणाले किल्ली चोरीला जाईल. सहीवरून किल्ली चोरता येत नाही, हे मी दर वर्षी पहिल्या महिन्यात मुलांना शिकवते. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, कापडही त्याचं आणि गजही त्याचाच.

मग अजून विचार कसला करतेस, असं तू विचारशील. आजी, मी हा विषय घेतला तोच पाहुण्यामुळं. त्यानं लिहिलेलं सगळं मी कॉलेजात असताना वाचून काढलं. नाण्याच्या मोजणीत त्याची एक चूक राहिलीय. जिथं शंभर मोजायचे तिथं नव्व्याण्णवच मोजले जातात. कुणी ते दाखवून दिल्यावर त्यानं लिहिलं होतं, ‘माझंच चुकलं. आता उसवायला गेलो तर सगळ्यांचंच उसवेल. राहू दे. लाज माझ्याजवळ राहील.’ तेवढं वाचलं आणि वाटलं, या माणसाला एकदा भेटावं.

आता कुणी समोर बसून म्हणतो, तो मी. सर खरे असावेत असं मलाच फार वाटतं. म्हणून माझा भरवसा सरांवर नाही, तसा माझ्यावरही नाही. तू काय केलं असतंस?

उत्तराची वाट बघते. तोवर राजीनामा पर्समध्येच आहे, आईला सांग.
तुझी शीतल

मिरज
२ डिसेंबर २०२४

चि. शीतलला गोड पापा व आशीर्वाद.

मी काय केलं असतं ते सांगत नाही. सरस्वतीअक्कांनी काय केलं ते सांगते.

तुझी आई जन्मायच्या आधी आम्ही मळमड्डीतच राहायचो. तिथल्या महिला मंडळात कशिद्याचं प्रदर्शन भरलं. आपल्या धारवाडी कसुतीत आधी काही रेखाटत नाहीत, कापडाचे धागे मोजत जायचं. गाठ मारायची नाही, उलट-सुलट दोन्हीकडून सारखं दिसलं पाहिजे. एक इरकल लुगडं असं आलं होतं, की सगळ्या वाकून वाकून पाहत होत्या. पण ते आपण काढलं असं दोघी म्हणू लागल्या. कसुतीवर काढणारीचं नाव नसतं. कोण खरं?

परीक्षक होत्या सरस्वतीअक्का. सगळ्यांना वाटलं, आता दोघींच्या हाती सुया देतील. त्यांनी तसं काही केलं नाही. लुगडं मांडीवर घेतलं आणि दोघींना कानडीत एवढंच विचारलं, “एल्लि तप्पागेद?” कुठं चुकलंय?

पहिली म्हणाली, कुठंच नाही, अक्का, नीट बघा. दुसरीची मान खाली गेली. तिनं पदरावरच्या एका हत्तीच्या मागच्या पायावर बोट ठेवलं. एक धागा जास्त मोजला गेला होता. इतक्या जणींनी पाहिलं होतं, कुणाला दिसला नव्हता.

तुझ्या संगणकाला हे लागू पडतं की नाही, मला ठाऊक नाही. तपासायचं ते तुझ्या रीतीनं तपास. पण त्या सरांकडं जाशील तेव्हा एवढं विचारून ये, आणि काय म्हणाला ते मला कळव. मला खरंच जाणून घ्यायचंय.

सुखी अस.
मावशीआजी

मळमड्डी, धारवाड
११ डिसेंबर २०२४

ती. स्व. कमलमावशीस सा. न. वि. वि.

चार ओळीच लिहिते. काल शीतल गोकुळ रोडवर जाऊन आली. आल्या आल्या कपाट उपसून माझं जुनं इरकलचं कापड काढलं आणि सुई कुठं आहे विचारलं. तू तिला काय लिहिलंस? मी मध्ये पडत नाही, पण जीव टांगणीला आहे.

जपून असावं.
दीपाली

धारवाड
६ जानेवारी २०२५

प्रिय मावशीआजीस सा. न. वि. वि.

उशीर झाला, कारण सोबतचा कसुतीचा रुमाल संपवायचा होता.

मी सरांना विचारलं. त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे म्हणाले, कवडीत चूक नाहीच. मी नव्व्याण्णवचं काढलं. तर हसले, म्हणाले ते मुद्दाम आहे, आणि उठून फळ्यावर मांडून दाखवायला लागले. शंभरावं घर रिकामं का ठेवलं, त्यात केवढा विचार आहे. आजी, ते इतकं सुंदर होतं, की मी हातातला कप खाली ठेवायला विसरले. मग मी पाहुण्याचं ते वाक्य म्हणून दाखवलं, लाज माझ्याजवळ राहील. ते म्हणाले, तेव्हा उगाच नम्रपणा म्हणून लिहिलं होतं.

त्यांच्याजवळ प्रत्येक गोष्टीचं उत्तर होतं. लाज तेवढी नव्हती.

मी म्हटलं, मंचावर मी येणार नाही. तुम्ही केलेली सही माझ्या संगणकावर पाठवा; खरी निघाली तर तुमची माफी मागायला मीच येईन. त्यांनी विचारलं, माझ्यावर विश्वास ठेवायला तुला एवढं जड का जातं? तेव्हा ते फार थकलेले दिसले. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटूनही मी उठले. सही अजून आलेली नाही. कार्यक्रम झाला. माझ्या जागी दुसरं कुणीतरी बोललं, टाळ्याही पुष्कळ पडल्या म्हणे.

राजीनाम्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी रुमालावरच्या गोपुरांच्या टाक्यांचं गणित मांडलं. कॉलेज आहे तिथंच आहे आणि मी कॉलेजात आहे. आई आता देवापुढं जरा कमी वेळ बसते.

खरा पाहुणा कुठं असेल, असं अजून रोज मनात येतं. कुठल्यातरी गावी भाजी आणायला गेला असेल आणि मध्येच ते नव्व्याण्णव आठवून रस्त्यात थबकत असेल. आता त्याला भेटावंसं वाटत नाही. तो तसाच असावा.

रुमालावर तीन गोपुरं आहेत. एकात एक धागा चुकलाय. उसवायला गेले असते तर सगळंच उसवलं असतं. कुठला ते सांगत नाही.

संक्रांतीला आपला काटेरी हलवा, कुसुरेळ्ळु, पाठवते. गोड खा आणि माझ्यावर रागावत राहा, त्याशिवाय करमत नाही.
तुझी शीतल

मिरज
१८ जानेवारी २०२५

चि. शीतलला अ. उ. आ.

रुमाल पोचला. उलटा पाहिला, सुलटा पाहिला, उन्हात धरून पाहिला. शेजारच्या पार्वतीबाईंनाही कामाला लावलं. तिन्ही गोपुरं मोजून झाली, चूक सापडत नाही.

तेव्हा रुमाल तुझ्याच हातचा, याला आता दुसरा साक्षीदार नको.

पण चूक कुठंय ते उलट टपालानं कळव. मला चैन पडत नाही.
मावशीआजी