टांझानियाचं भांडण आणि माझा निकाह

अब्बा, इतकी वर्षं झाली, पण टांझानियाचं नाव निघालं की मला अजून तुमचाच राग येतो. काल इथे शारजात अल नहदाच्या घरात नातीने विचारलं, तुझा निकाह इतका लांबला कसा? सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सो ही चोझ पॉलिटिक्स ओव्हर यू?" म्हणजे तुझ्यापेक्षा त्यांना राजकारण मोठं? काय सांगू तिला?

पासष्ट साल संपत आलंय. तुम्ही शारजात एका ब्रिटिश साहेबाकडे खानसामा, आणि माझं टांझानियातल्या दार-ए-सलामच्या, मूळ आपल्याच रत्नागिरीकडच्या मुलाशी ठरलेलं. तेवढ्यात रोडेशिया या आफ्रिकेतल्या ब्रिटिश वसाहतीत मूठभर गोऱ्यांनी सत्ता बळकावली, ब्रिटन नुसता बघत बसला, म्हणून चिडून टांझानियाने ब्रिटनशी संबंधच तोडले. शारजावर तेव्हा ब्रिटिशांचंच छत्र, म्हणून इकडचा व्हिसा त्यांच्या हातात आणि तिकडची त्यांची कचेरी बंद. नवरदेव अडकला. साहेबाने आपणहून विचारलं, "जावयासाठी शब्द टाकू का?" आणि तुम्ही, हातात सूपचं भांडं घेऊन, म्हणालात, "साहेब, आधी तुमच्या सरकारला रोडेशिया सरळ करायला सांगा." वर घरी येऊन हे आम्हाला कौतुकाने सांगता! अम्मी मासे साफ करतेय. सुरी तशीच धरून म्हणते, "आफ्रिका तुम्ही चालवताय का? पोरीचा निकाह लावा, मग खुशाल भांडा." "टांझानियाने बरोबर केलं. खलास," म्हणून तुम्ही जेवायला बसता, आणि दोनदा कालवण मागून घेता.

साहेब पुन्हा काही बोलला नाही. महिने गेले, माझ्या निकाहच्या ओढणीची जर काळी पडायला लागली. शेवटी अम्मीनेच ओळखीच्या खलाशाकडून नवरदेवाला निरोप धाडला: केनियाचं ब्रिटनशी बिनसलेलं नाही, मोंबासाला जा, व्हिसा तिथून घे. तुम्हाला हे सुचलं नव्हतं? सुचलं होतं, असं तुम्हीच नंतर म्हणालात. पण ब्रिटिशांच्या दारात जायचं कशाला! तो बोटीने दुबईला आला, बोट लागून चेहरा पांढराफटक, आणि तुम्ही सलाम घ्यायच्या आधी म्हणता, "तुमच्या देशाने बरोबर केलं." बिचारा म्हणाला, "जी, मामू." पुढे प्रत्येक ईदला हाच विषय, तुम्ही दोघे एका बाजूला आणि मी जेवण वाढणारी.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. त्या दिवसांत शेजारणींपुढे मी तुम्हाला नावं ठेवत रडायचे, पण साहेबाला दिलेलं उत्तर शब्द न् शब्द सांगायचे. ऐकून त्या "पुन्हा सांग" म्हणाल्या की मला फार बरं वाटायचं.