अजून न आलेलं पान

थाटीपुर, ग्वाल्हेर

तीर्थरूप शांताताईस, धाकट्या विश्वासचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (तेल लाव म्हटलं तरी तू लावणार नाहीस, पण सांगतो.)

श्रावणापासून मी मुरारला इंग्रजीच्या क्लासला जातो. हसू नकोस. राजवर्धनची अंतरा सहा वर्षांची झाली, डब्लिनहून फोनवर घडाघडा बोलते, आणि आजोबा नुसते 'यस, यस' करतात. नंदीबैलासारखी मान किती दिवस डोलवायची? वर्गात सगळी फौजेच्या भरतीची पोरं, शिकवणारी गरिमा चोवीस वर्षांची. "अंकल, रट्टा मत मारिए," म्हणते. पण न घोकता जमावं कसं? टेक म्हणजे घेणे, एवढं मला शाळेपासून येतं. मागे ऑफ लागला की विमान उडतं, कोट उतरतो, रजाही मिळते. लुकमागे आफ्टर आला की बघणं राहिलं बाजूला, सांभाळणं गळ्यात पडतं. नवरीपेक्षा करवलीचाच तोरा! ही काय भाषा झाली, म्हणून चिडलो. मग येताना टेम्पोत वाटलं, आपण तरी जाताना 'येतो' म्हणतोच की. राजवर्धनही सात वर्षांपूर्वी स्टेशनवर 'येतो' म्हणूनच गेला.

असो. पंधरा दिवसांपूर्वी त्याचा मेसेज आला, इंग्रजीत, चार ओळींचा. दिवाळीचं येणं कॉल ऑफ. सुलोचना तेव्हा चकलीची भाजणी भाजत होती. (दोन किलो, ताई!) काय लिहिलंय, तिनं विचारलं. कॉल ऑफ म्हणजे रद्द, हे गरिमानं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पण माझी जीभच रेटेना. म्हटलं, 'कॉल ऑफ' लिहिलंय, ह्याचे अर्थ पुष्कळ असतात, क्लासात ते पान आलं की सांगतो. राजवर्धनलाही बजावलं, आईला मीच सांगेन. तेव्हापासून मी चपला काढायच्या आत ती विचारते, "ते पान आलं का?" मी नाही म्हणतो. साठ पानांचं पुस्तक, पुरणार किती? फार वाईट वाटतं गं.

तुझा,
विश्वास

ता.क. झाशीहून गाडी दोन तासांची. धनत्रयोदशीला ये. तू शेजारी बसलीस की सांगेन तिला. फोनवर ती कान देऊन असते, म्हणून हे पत्र. (पाकीट चिकटवायला तिच्याकडेच देतोय. माझं अक्षर तिला चाळीस वर्षांत लागलेलं नाही.)

ता.क. वन्सं, अक्षर मला चांगलं लागतं. अर्थही त्याच दिवशी गरिमाला फोन करून विचारला. तुम्ही या, पण ह्यांना काही बोलू नका. मी रोज विचारते, कारण हे "नाही अजून" म्हणाले की आणखी एक दिवस राजू येणार असतो.
— सुलोचना